सैन्य निघालं, चलन राहिलं: फ्रान्सचा आफ्रिकेतला पसारा कसा आवरतोय

17 जुलै 2025 रोजी फ्रान्सच्या सैन्यानं सेनेगलची राजधानी डाकार इथला आपला तळ सेनेगलच्या ताब्यात दिला. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला फ्रान्सचा हा शेवटचा कायमस्वरूपी तळ. त्या दिवशी डाकारच्या बाजारात मासळी घेणाऱ्या माणसाच्या हातातली नोट मात्र फ्रान्समधल्या शामालियेर गावच्या छापखान्यात छापलेली होती आणि तिचा युरोशी असलेला दर 1999 पासून तसूभरही हललेला नव्हता.

एकेकाळची साम्राज्यसत्ता बदलत्या जगात कशी वागते, हे समजून घ्यायचं तर ब्रिटनपेक्षा फ्रान्सचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. ब्रिटननं वसाहती सोडल्यावर राष्ट्रकुलासारखी सैलसर संघटना ठेवली. फ्रान्सनं वसाहती सोडताना त्यांचं चलन, संरक्षण आणि खनिजं करारांनी बांधून घेतली. त्या गाठी आता सुटताहेत, पण सगळ्या एकाच वेगानं नाही. हा वेग वेगवेगळा का, ते कळलं की बाकीचं धोरण आपोआप उलगडतं.

1960 मध्ये नेमकं काय ठरलं

1958 मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे पंतप्रधान आणि पुढे अध्यक्ष झालेले द गॉल यांनी आफ्रिकी वसाहतींपुढे सार्वमत ठेवलं: फ्रान्सच्या नेतृत्वाखालच्या समुदायात राहायचं की लगेच बाहेर पडायचं? फक्त गिनीनं ‘नाही’ म्हटलं. फ्रान्सनं अधिकारी, तंत्रज्ञ आणि मदत तडकाफडकी काढून घेतली. 1960 मध्ये गिनीनं स्वतःचं चलन आणलं, तेव्हा फ्रेंच गुप्तचर यंत्रणेनं त्या चलनाच्या बनावट नोटा देशात सोडल्या. गिनीचे नेते सेकू तुरे पुढे क्रूर हुकूमशहा झाले आणि देशाच्या दैन्यात त्यांचाही वाटा मोठा आहे. पण शेजारच्या नेत्यांनी त्या वर्षी जे पाहायचं ते पाहून घेतलं होतं.

दोन वर्षांनी, 1960 मध्ये, सहाराच्या दक्षिणेकडच्या फ्रान्सच्या ताब्यातले 14 प्रदेश स्वतंत्र झाले. स्वातंत्र्याबरोबर ‘सहकार्य करार’ आले. चलन फ्रान्सच्या हमीवर चालेल, बंड झालं तर फ्रान्स सैन्य पाठवू शकेल, अशी त्यांची साधारण रचना होती. 1961 मध्ये आयव्हरी कोस्ट, नायजर आणि दाहोमे (आजचं बेनिन) यांच्याशी झालेल्या संरक्षण कराराच्या जोडपत्रात युरेनियम आणि तेलासारख्या मालावर फ्रान्सचा अग्रहक्क लिहिलेला होता. काही करारांची कलमं गुप्त होती. राष्ट्राध्यक्षाला वाचवायला फ्रान्स येणार की नाही, हे त्या देशाच्या संसदेलासुद्धा ठाऊक नसे.

हा कारभार परराष्ट्र खात्यातून चालतच नव्हता. अध्यक्षांच्या निवासस्थानी, एलिझे प्रासादात, आफ्रिकेसाठी वेगळा कक्ष होता. द गॉल यांचे विश्वासू झाक फोकार तो सांभाळत आणि आफ्रिकी राष्ट्राध्यक्षांशी थेट फोनवर बोलत. फेब्रुवारी 1964 मध्ये गॅबॉनच्या अध्यक्षांना त्यांच्याच सैन्यानं पकडलं, तर फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी लगोलग त्यांना परत गादीवर बसवलं. 1979 मध्ये मध्य आफ्रिकी साम्राज्याचे सम्राट बोकासा यांना हटवलं, तेव्हा नवा अध्यक्ष फ्रेंच विमानातूनच राजधानीत उतरला. परदेशी लष्करी कारवाईबद्दल तीन दिवसांत संसदेला कळवायचं आणि ती चार महिन्यांपुढे न्यायची तर मंजुरी घ्यायची, हे बंधन फ्रान्सच्या राज्यघटनेत 2008 मध्ये आलं.

एवढा खटाटोप कशासाठी? 1954 मध्ये व्हिएतनाममधलं दिएन बिएन फू पडलं, 1956 मध्ये सुएझमधून माघार घ्यावी लागली, 1962 मध्ये अल्जीरिया गेला. सुरक्षा परिषदेतला नकाराधिकार आणि अणुबॉम्ब हाती होते. पण आपण युरोपातला एक मध्यम देश नाही, महासत्तांच्या पंगतीतले आहोत, हे दाखवायला मागे उभी राहणारी राष्ट्रं लागतात. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतल्या डझनभर मतांचा आधार फ्रान्सला त्यासाठीच हवा होता. पैसा हे कारण दुय्यम होतं आणि पुढे आणखी दुय्यम होत गेलं.

सीएफए फ्रँक: यंत्र चालतं कसं

हे चलन डिसेंबर 1945 मध्ये जन्मलं. आज 14 देश ते वापरतात. पश्चिमेकडच्या आठ देशांची मध्यवर्ती बँक डाकारला, मध्य आफ्रिकेतल्या सहा देशांची कॅमेरूनच्या याउंदेला. दोन्ही चलनांचा दर एकच: 1 युरो म्हणजे 655.957 फ्रँक.

मालीतला कापूस 100 युरोंना विकला गेला असं धरू. ते युरो बँकेमार्फत डाकारच्या मध्यवर्ती बँकेकडे जातात आणि निर्यातदाराला सुमारे 65,596 फ्रँक मिळतात. युरो आठही देशांच्या सामायिक गंगाजळीत जमा होतात. या गंगाजळीचा ठरलेला हिस्सा फ्रान्सच्या सरकारी खजिन्यातल्या एका खात्यात ठेवावा लागे: 1973 पर्यंत जवळजवळ सगळी रक्कम, मग 65 टक्के, 2005 पासून 50 टक्के. बदल्यात फ्रान्सची हमी होती, की गंगाजळी आटली तरी ठरलेल्या दरानं युरो आम्ही पुरवू. मध्यवर्ती बँकेच्या मंडळावर फ्रान्सचे प्रतिनिधी बसत.

सोशल मीडियावर एक संदेश वर्षानुवर्षं फिरतोय, की हे 14 देश फ्रान्सला ‘वसाहत कर’ भरतात. असा कर नाही. खात्यातला पैसा त्याच देशांचा राही आणि त्यावर व्याज मिळे. पण त्या खोट्या दाव्यामुळे खरी तक्रार झाकली जाते, आणि ती गंभीर आहे. आपली गंगाजळी कुठे ठेवायची, दर किती ठेवायचा, हे ठरवण्याचा अधिकार स्वतंत्र देशांकडे नव्हता.

जानेवारी 1994 मध्ये ते उघडपणे दिसलं. आयव्हरी कोस्टचे अध्यक्ष उफुए-ब्वान्यी अवमूल्यनाच्या कट्टर विरोधात होते. 7 डिसेंबर 1993 रोजी ते वारले आणि पाच आठवड्यांत फ्रँकची किंमत एका फटक्यात निम्मी झाली. आधी 50 सीएफएला एक फ्रेंच फ्रँक मिळे, आता 100 मोजावे लागले. आयात औषधं, गहू, इंधन यांचे भाव कडाडले. कापूस आणि कोको पिकवणाऱ्यांना दोन पैसे जास्त मिळाले, पगारावर जगणारं शहर मात्र होरपळलं. निर्णयाचा आग्रह पॅरिस आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा होता, चटके डाकार आणि आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहराला बसले.

तरी या चलनाची जमेची बाजू नाकारता येत नाही. घानात डिसेंबर 2022 मध्ये महागाई 54 टक्क्यांवर गेली. नायजेरियात जून 2023 मध्ये नायराचा दर मोकळा सोडल्यावर तो कोसळला. सीमेपलीकडे फ्रँक वापरणाऱ्या टोगो-बेनिनमध्ये असं काही झालं नाही. तुटपुंज्या बचतीवर जगणाऱ्या बाईला या स्थैर्याची किंमत कळते. मोजावी लागणारी किंमतही तिथेच आहे: युरो महागला की मालीचा कापूस जागतिक बाजारात महाग पडतो आणि युरोपातली दूध पावडर स्थानिक गवळ्याच्या दुधापेक्षा स्वस्त मिळते. पक्क्या दराचा फायदा आयातदाराला आणि पॅरिसला पैसे पाठवणाऱ्या श्रीमंताला सर्वांत जास्त होतो, कारखाना काढणाऱ्याला सर्वांत कमी.

डिसेंबर 2019 मध्ये आबिजानला फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन आणि आयव्हरी कोस्टचे अध्यक्ष वातारा यांनी सुधारणा जाहीर केली. पश्चिमेकडच्या आठ देशांपुरती खजिन्यातल्या ठेवीची अट गेली, 2021 मध्ये पैसा परत आला, फ्रेंच प्रतिनिधी मंडळावरून उठले. चलनाचं नवं नाव ‘इको’ ठरलं, ते अजून आलेलं नाही. पक्का दर आणि फ्रान्सची हमी कायम आहे. मध्य आफ्रिकेतल्या सहा देशांना ही सुधारणा लागू झालेली नाही.

सैन्य इतक्या झपाट्यानं का गेलं

जानेवारी 2013 मध्ये जिहादी टोळ्या मालीची राजधानी बामाकोच्या दिशेनं निघाल्या, तेव्हा माली सरकारनं फ्रान्सला हाक दिली. तीन आठवड्यांत टिंबक्टू मुक्त झालं. 2 फेब्रुवारीला फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद तिथे गेले तेव्हा लोकांनी तिरंगी फ्रेंच झेंडे घेऊन त्यांचं स्वागत केलं. दहा वर्षांत त्याच पट्ट्यात ते झेंडे जाळले गेले. मधल्या काळात तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली किदालची. उत्तर मालीतलं हे शहर फ्रान्सनं तुआरेग या वाळवंटी जमातीच्या बंडखोरांच्या मदतीनं घेतलं आणि माली सैन्याला तिथे लगेच येऊ दिलं नाही. दहशतवाद्यांविरुद्ध तुआरेग उपयोगी होते, हा फ्रेंच लष्कराचा हिशेब. पण बामाकोत त्याचा अर्थ एकच लावला गेला: आपल्या देशाचा तुकडा फ्रान्सनं बंडखोरांना दिला. हा संशय पुढे कधीच फिटला नाही.

दुसरी, मोहिमेचा आवाका. ऑगस्ट 2014 पासून ‘बारखान’ मोहीम पाच देशांत पसरली. 2020 मध्ये, सर्वांत जास्त बळ होतं तेव्हाही, सैनिक होते सुमारे 5,100. एवढ्या माणसांत म्होरके टिपता येतात, गावं राखता येत नाहीत. सैन्य हेलिकॉप्टरनं यायचं, कारवाई करून जायचं, आणि रात्री गावात हत्यारबंद परत यायचे. 3 जानेवारी 2021 रोजी मालीतल्या बुंती गावाजवळ फ्रेंच विमानांनी बॉम्ब टाकले. लग्नासाठी जमलेले 19 नागरिक त्यात मारले गेले, असं संयुक्त राष्ट्रांच्या तपासात म्हटलं आहे. फ्रान्सनं ते शेवटपर्यंत मान्य केलं नाही. ते मान्य करून भरपाई दिली असती, तर निदान बोलायला तोंड उरलं असतं.

तिसरी गोष्ट दुटप्पीपणाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महागात पडली. एप्रिल 2021 मध्ये चाडचे अध्यक्ष इद्रिस देबी मारले गेले आणि राज्यघटना बाजूला सारून त्यांच्या मुलानं सत्ता घेतली. मॅक्रॉन अंत्यविधीला गेले आणि त्याच्या शेजारी बसले. महिनाभरात मालीत दुसरं बंड झालं, तेव्हा मॅक्रॉननी त्याचा कडक निषेध केला आणि संयुक्त मोहिमा थांबवल्या. बारखानचं मुख्यालय चाडमध्ये होतं, म्हणून चाडला सूट, हे आफ्रिकेतल्या शाळकरी पोरालाही कळलं.

मग पर्याय आला. डिसेंबर 2021 मध्ये रशियाची वाग्नर ही भाडोत्री फौज मालीत उतरली. पूर्वी राष्ट्राध्यक्षाला खुर्ची राखायला फ्रान्सशिवाय कोणी नव्हतं, आता होतं, आणि ते निवडणूक कधी घेणार असं विचारत नव्हते. पुढचा क्रम भराभर घडला. ऑगस्ट 2022 मध्ये फ्रेंच सैन्य मालीतून निघालं, फेब्रुवारी 2023 मध्ये बुर्किना फासोतून. जुलै 2023 मध्ये नायजरमध्ये बंड झालं. फ्रान्सचे राजदूत महिनाभर दूतावासात अडकून पडले आणि डिसेंबरअखेर तिथले सुमारे 1,500 सैनिक परतले. चाडनं नोव्हेंबर 2024 मध्ये स्वतःहून करार मोडला. आयव्हरी कोस्टमधला तळ फेब्रुवारी 2025 मध्ये हस्तांतरित झाला, गॅबॉनमधला तळ संयुक्त प्रशिक्षण केंद्र बनला. जानेवारी 2025 मध्ये राजदूतांपुढे बोलताना मॅक्रॉन म्हणाले, की साहेलच्या, म्हणजे सहाराच्या दक्षिण काठच्या पट्ट्यातल्या, नेत्यांना आभार मानायचं राहून गेलं. त्या वाक्यानं चाड आणि सेनेगल दोघांनाही एकाच दिवशी दुखावलं.

सैन्याला निरोप देणं तांत्रिकदृष्ट्या सोपं असतं. कराराच्या कलमानुसार नोटीस द्यायची, मुदत मोजायची, तळाच्या किल्ल्या घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी बाजारात भाव बदलत नाहीत, पगार अडत नाहीत, आणि राज्यकर्त्याला टाळ्या मिळतात. सुरक्षा मात्र सुधारलेली नाही. जुलै 2024 मध्ये उत्तर मालीतल्या तिन्झावातेन इथे वाग्नर आणि माली सैन्यानं मोठा मार खाल्ला आणि 2025 च्या शरद ऋतूत जिहाद्यांनी इंधनाचे टँकर अडवून बामाकोची कोंडी केली. फ्रान्स गेल्याचा आनंद खरा होता, तशी पेट्रोल पंपावरची रांगही खरी होती.

चलन सोडायचं तर

माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी सप्टेंबर 2023 मध्ये स्वतःची युती केली, जानेवारी 2025 मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांची संघटना सोडली, मार्च 2025 मध्ये फ्रेंच भाषक देशांची संघटनाही सोडली. सीएफए फ्रँक मात्र सोडला नाही. नव्या चलनाच्या घोषणा झाल्या, पण प्रत्यक्षात काय काय करावं लागेल ते पाहा.

आधी सामायिक गंगाजळीतला वाटा मागायचा. तिथेच गाडं अडतं, कारण संघातल्या अर्थव्यवस्थेचा सुमारे 40 टक्के हिस्सा एकट्या आयव्हरी कोस्टचा आहे आणि कोकोतून येणारं परकी चलन तो आणतो. मग कर्ज. या देशांनी प्रादेशिक बाजारात सीएफएमधले रोखे विकलेत आणि ते शेजारच्या बँकांकडे आहेत. नवं चलन घसरलं तर तेच कर्ज फुगतं. नवी मध्यवर्ती बँक, बँकांमधल्या देयकांची व्यवस्था, नोटांची छपाई आणि अदलाबदल हे सगळं करायला काही महिने लागतात, आणि त्या महिन्यांत ज्याच्याकडे पैसा आहे तो आयव्हरी कोस्टच्या बँकेत नेऊन ठेवतो. समुद्रकिनारा नसलेल्या देशात तांदूळ आणि डिझेल शेजाऱ्याच्या बंदरातून येतं, ते कुठल्या नोटांनी घ्यायचं हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच उभा राहतो.

मालीनं हे एकदा करून पाहिलं आहे. जुलै 1962 मध्ये स्वतःचा फ्रँक आणला आणि त्याच महिन्यात बामाकोचे व्यापारी रस्त्यावर उतरले. 1967 मध्ये त्या फ्रँकचं निम्म्यानं अवमूल्यन करावं लागलं. 1984 मध्ये माली परतला, तेव्हा दोन माली फ्रँकला एक सीएफए मिळाला. मॉरिटानिया आणि मादागास्कर 1973 मध्ये बाहेर पडले, ते परत आले नाहीत. दोघांनाही स्वतःचा समुद्र होता.

आत राहण्यातली अडचणही अलीकडेच अनुभवाला आली. जानेवारी 2022 मध्ये शेजारी राष्ट्रांनी मालीवर निर्बंध घातले आणि सामायिक मध्यवर्ती बँकेतली त्याची खाती गोठली. कर्जाचे हप्ते फेडायला पैसा असूनही माली थकबाकीदार ठरला. 2023 मध्ये नायजरचंही तेच झालं. हे निर्बंध आफ्रिकी सरकारांनी लावले होते. पण लोकांनी त्यामागे पॅरिसचा हात पाहिला, आणि मागच्या साठ वर्षांचा अनुभव पाहता त्यांना दोष देता येत नाही.

खनिजं, कंपन्या आणि मुंबईची गोदी

कंपन्या सैन्याच्या आधीच सावध झाल्या. बोलोरे समूहानं आफ्रिकेतला बंदरांचा व्यवसाय 2022 मध्ये 5.7 अब्ज युरोंना विकून टाकला. फ्रान्सच्या एकूण परदेशी व्यापारात सीएफए देशांचा वाटा एक टक्क्याच्याही आत आहे. आफ्रिकेतले त्याचे मोठे भागीदार नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, मोरोक्को, अल्जीरिया हे आहेत. नायजरमध्ये ओरानो ही सरकारी कंपनी आर्लीच्या खाणीतून 1971 पासून युरेनियम काढत होती. डिसेंबर 2024 मध्ये तिचा खाणीवरचा ताबा गेला, जून 2025 मध्ये नायजरनं खाणीचं राष्ट्रीयीकरण केलं. ‘नायजरशिवाय पॅरिस अंधारात’ ही समजूत मात्र चुकीची. फ्रान्सच्या युरेनियम आयातीत नायजरचा वाटा दशकभरात सुमारे पाचवा हिस्सा होता. कझाकस्तानचा त्याहून जास्त. अंधारात राहिलं नियामे: 2023 मध्ये नायजेरियानं वीज तोडली, तेव्हा अर्धं शतक युरेनियम देणाऱ्या देशाच्या राजधानीत दिवे गेले.

फ्रान्सची नजर आता हिंद महासागराकडे आहे. जिबूतीत सुमारे 1,500 सैनिकांचा तळ 2024 च्या नव्या करारानं टिकला; त्यासाठी फ्रान्स वर्षाला 85 दशलक्ष युरो भाडं देतो. तिथेच अमेरिका, चीन, जपान आणि इटलीचेही तळ आहेत, म्हणजे जिबूतीला घासाघीस करता येते. रेयुनियाँ आणि मायोत ही बेटं फ्रान्सचाच भाग आहेत, आणि या पाण्यात त्याला सर्वांत उपयोगी भागीदार भारत वाटतो. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर फ्रान्सनं निर्बंध लावले नव्हते, ते दिल्ली विसरलेली नाही. मुंबईच्या माझगाव गोदीत फ्रेंच आराखड्यावरच्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या: पहिली ‘कलवरी’ डिसेंबर 2017 मध्ये नौदलात आली, सहावी ‘वागशीर’ जानेवारी 2025 मध्ये. एप्रिल 2025 मध्ये नौदलासाठी 26 राफेलचा करार झाला. रत्नागिरीतल्या जैतापूरला सहा फ्रेंच अणुभट्ट्यांची बोलणी 2010 पासून चालू आहेत; विजेचा दर आणि अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, यावर ती अडली. भारतानं घाई केली नाही, फ्रान्सनं दबाव आणला नाही. हाच फ्रान्स 1961 मध्ये नायजरच्या युरेनियमवर जोडपत्रातून अग्रहक्क लिहून घेत होता. स्वभाव तोच आहे, समोरच्याची ताकद वेगळी आहे.

आता लक्ष ठेवायचं ते सेनेगलवर. 2024 मध्ये तिथे निवडून आलेल्या पक्षानं चलनाच्या सार्वभौमत्वाचं वचन दिलं होतं, आणि फ्रेंच तळ बंद करण्याचं वचन त्यानं पाळलंही. पण सत्तेवर येताच आधीच्या सरकारनं लपवलेलं अब्जावधी डॉलरचं कर्ज उघडकीला आलं आणि नाणेनिधीनं मदत थांबवली. अशा वेळी चलन बदलायची नुसती चर्चाही रोख्यांचं व्याज वाढवते. ‘इको’साठी पश्चिम आफ्रिकी देशांनी 2027 हे साल ठरवलं आहे, ही मुदत याआधी अनेकदा पुढे गेली आहे. मध्य आफ्रिकेतल्या सहा देशांची निम्मी ठेवीची अट अजून पॅरिसच्या खजिन्याशी बांधलेली आहे, आणि ती काढण्याची तारीख कोणी जाहीर केलेली नाही.